पोट साफ, वजन माफ?

वजन वाढलेला माणूस दवाखान्यात गेला की आधी पोटाचं सांगतो. ‘साहेब, पोट साफ होत नाही, म्हणून अंग सुटलं.’ वजन घटलेलाही पोटाचंच सांगतो, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही.’ मलकापूर असो की मेहकर, घाटाखाली असो की घाटावर, बुलढाणा जिल्ह्यात ही दोन वाक्यं घरोघरी ऐकू येतात आणि आठवडी बाजारात चूर्णाच्या पुड्या विकणाऱ्याचा धंदा त्यांच्यावरच चालतो. वजनाचा आणि पोटाचा संबंध आहेच. गेल्या पन्नास वर्षांत त्यावर जगभर काम झालं, त्यातलं काही आपल्या पुण्यात झालं. पण त्या कामातून दिसणारं चित्र बाजारातल्या बोलण्याशी फारसं जुळत नाही. शौचाला न झाल्यानं माणूस लठ्ठ होत नाही. मोठ्या पाहण्यांत तर लठ्ठ माणसांत पातळ शौचाची तक्रार जास्त आढळते, आणि बद्धकोष्ठ काटकुळ्यांनाही सोडत नाही. शिवाय बऱ्याच घरांत वजन आणि कोठा दोन्ही एकाच तिसऱ्या कारणानं बिघडलेले असतात, आणि ते कारण ताटात, पाण्यात, संडासात किंवा औषधाच्या डबीत सापडतं.

आधी साधा हिशेब मांडू. खाल्लेल्या अन्नातलं पिष्ट, तेल आणि प्रथिनं लहान आतड्यात काही तासांतच शोषली जातात. मोठ्या आतड्यात पोचतो तो बहुतेक चोथा, पाणी आणि जंतू. मळाचा तीन-चतुर्थांश भाग पाण्याचाच असतो. तीन-चार दिवस शौचाला न झालेल्या माणसाच्या पोटात फार तर किलोभर ऐवज साठलेला असेल. शौचाला झाली की काटा तेवढा खाली येतो, पण चरबी गुंजभरही कमी झालेली नसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, आणि त्या मोठ्या आतड्यात पडून राहिलेल्या मळात नसतात. रेचकाचा उपाय १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रीतसर तपासला होता. रेचकं देऊन काही लिटर जुलाब करवूनही शोषल्या जाणाऱ्या कॅलरी जेमतेम १२ टक्क्यांनी घटल्या. गेलं ते पाणी आणि क्षार. सोनामुखीची पावडर रोज घेऊन वजन उतरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की त्यानं पोटॅशियम घटतं, पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, आणि पाणी पोटात गेलं की काटा पुन्हा होता तिथं जातो.

मग ‘साफ’ म्हणायचं कशाला? पाश्चात्त्य वैद्यकाच्या पुस्तकांत दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंतचं सगळं स्वाभाविक मानतात. आपल्याकडं बहुतेकांना दिवसातून एकदा-दोनदा होते, त्यामुळं एक दिवस चुकला तरी घरात चर्चा सुरू होते. खेपा मोजण्यापेक्षा मळाचं रूप पाहणं जास्त उपयोगाचं आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या स्टीफन लुइस आणि केन हीटन यांनी १९९७ साली सात प्रकारांचा तक्ता मांडला. पहिल्या प्रकारात लेंड्यांसारखे सुटे कठीण गोळे आणि सातव्यात निव्वळ पाणी, मधले तिसरा-चौथा प्रकार उत्तम. आता जगभरचे पोटविकारतज्ज्ञ तो तक्ता रुग्णासमोर धरतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत मात्र अजून ‘संडास कशी होते?’ या प्रश्नाला ‘होते बरी’ एवढ्याच उत्तरावर निभावतं. पोटाचं सांगायला आपली माणसं तयार असतात, मळाचं सांगायला लाजतात.

याच विषयावर एका माणसानं हयात घातली. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यविशारद युगांडात काम करायचे. तिथले शेतकरी दिवसाला जवळपास ४७० ग्रॅम मळ टाकतात आणि ब्रिटिश नौसैनिक जेमतेम शंभरेक, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९७२ साली मोजून मांडलं. अन्न तोंडात गेल्यापासून मळ होऊन बाहेर पडेपर्यंत ब्रिटनच्या माणसाला दुपटीहून जास्त वेळ लागत होता. तीन वर्षांनी दिल्लीच्या टंडन द्वयीनं उत्तर भारतीयांची अशीच मापं काढली, ती ३०० ग्रॅमच्या आसपास निघाली. बर्किट यांचा निष्कर्ष चोथ्याकडं बोट दाखवणारा होता: ताटातून कोंडा गेला की मूळव्याध, आतड्याचे आजार आणि लठ्ठपणा मागोमाग येतात. त्यांचं सगळंच पुढं टिकलं नाही. पण चोथा पाणी धरतो, मळाला आकार देतो, त्याला आतड्यातून लवकर पुढं सरकवतो आणि कमी कॅलरीत पोट भरतो, हा गाभा आजही कोणी खोडत नाही. वजन आणि कोठा यांना जोडणारा सगळ्यांत पक्का धागा हाच.

आता जाड माणसाच्या पोटाकडं येऊ. मेयो क्लिनिकनं २००४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली एक वस्ती पाहिली. तिथं वाढत्या वजनाबरोबर जुलाब वाढलेले दिसले, बद्धकोष्ठ वाढलेलं दिसलं नाही. पुढं २०१९ साली ५,१२६ अमेरिकी प्रौढांची माहिती प्रसिद्ध झाली. योग्य वजनाच्या लोकांत जुनाट जुलाब ४.५ टक्क्यांना होते, लठ्ठांत ८.५ टक्क्यांना आणि अतिलठ्ठांत ११.५ टक्क्यांना. खाणं, मधुमेह, औषधं यांचा हिशेब वजा करूनही फरक उरलाच. असं का होतं याची उत्तरं अजून जुळवली जात आहेत. एक ठळक उत्तर पित्ताम्लांचं आहे. यकृतातून आतड्यात येणारी ही आम्लं चरबी पचवून परत शोषली जायला हवीत. लठ्ठ माणसांत त्यातली जास्त आम्लं मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथं पाणी सोडवतात. शिवाय मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना पातळ होणं नेहमीचंच, आणि मधुमेह व वजन एकाच घरात नांदतात. म्हणून स्थूल माणसाला ‘रोज तीन-चारदा जावं लागतं’ असं वाटत असेल तर त्यानं ‘माझा कोठा चांगला साफ असतो’ अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

पचनमार्गाच्या वरच्या टोकाची तक्रार तर वजनाशी सरळच बांधलेली आहे. पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो आणि जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. आंबट-करपट ढेकर, छातीत जळजळ, रात्री झोपेत घशाशी येणं ही त्याची लक्षणं. अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत (२००६) असं दिसलं की जिचं वजन मुळात प्रमाणात आहे तिचंही थोडं वाढलं तरी जळजळ वाढते. म्हणजे लठ्ठ ठरायची वाट पाहायची गरज नाही. आपल्याकडं यावर उपाय म्हणून सकाळी उपाशीपोटी आम्लनाशकाची गोळी घेतात. वर्षानुवर्षं, कोणी न सांगता, मेडिकलवाल्याकडून आणून. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि घेर दोन बोटं कमी, हा उपाय त्या गोळीहून स्वस्त आहे, पण तो डबीत मिळत नाही.

पित्ताशयातले खडे हे आणखी एक प्रकरण. वजन जास्त असेल तर खडे होतात आणि वजन झपाट्यानं उतरवलं तरीही होतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगानं घटवणाऱ्यांत हा धोका वाढतो. लग्नाआधी महिन्याभरात दहा किलो उतरवून दाखवणाऱ्या जाहिरातींत हे लिहिलेलं नसतं. मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरातल्या जादा चरबीशी जोडलेला आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली दिला. ज्या १३ कर्करोगांबाबत तो होता त्यांत हा एक.

पण ‘जाड’ म्हणजे नेमकं कोण? इथं पुण्याचं काम पुढं येतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. त्याआधी १९९३ पासून याज्ञिकांचा गट पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि बाळांचा मागोवा घेत होता. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीनचं. पण पुण्याच्या बाळाचा स्नायू जितका कमी तितकी चरबी कमी नव्हती. अशा ठेवणीच्या माणसाला त्यांनी ‘बारीक तरी चरबीवान’ भारतीय म्हटलं. म्हणूनच आपल्याकडं बीएमआय २३ ला धोका सुरू झाला असं मानतात आणि २५ ला लठ्ठ म्हणतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

यकृताच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत १,९११ माणसं तपासली गेली (२०१०). माणसं गरीब, कष्टकरी, सरासरी बीएमआय २० च्याही खाली. तरी ८.७ टक्के लोकांच्या यकृतावर चरबी निघाली, आणि त्यांतले तीन-चतुर्थांश २५ च्या आतले होते. बीरभूमचा शेतमजूर आणि सिंदखेड राजा किंवा लोणारकडचा शेतमजूर यांच्या हाडामासात फार फरक नाही. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, जेवल्यावर पोट डब्ब होतं, गॅस धरतो, असं सांगणारा काटक माणूस सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ घेऊन बाहेर येतो आणि चकित होतो, तो यामुळंच. त्याला वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा टेप जास्त खरं सांगेल.

वजनाचं दुसरं टोकही महाराष्ट्रात तेवढंच भरलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या साधारण दर पाच बायांमागे एक कमी वजनाची होती, आणि जादा वजनाच्या त्याहून थोड्या जास्त. एकाच वाड्यात सासू जाड आणि सून काटकुळी, हे आता नवल राहिलेलं नाही.

काटकुळ्या सुनेच्या बद्धकोष्ठाबद्दल वैद्यकाच्या पुस्तकांपेक्षा गावच्या बायांना जास्त कळतं. घरात संडास नव्हता तेव्हा गोदरीवर जायचं ते पहाटे अंधारात नाही तर रात्री. मधल्या वेळात कळ आली तर दाबायची. कळ येऊ नये म्हणून दुपारी कमी खायचं आणि पाणी तर प्यायचंच नाही. आलेली कळ पुन्हा पुन्हा दाबली की आतडं तिची दखल घेणं सोडतं, मळ कोरडा पडतो, पुढं जोर करावा लागतो आणि मूळव्याध येते. या उपाशी, कोरड्या दिनक्रमात वजन घटतं आणि कोठाही बसतो. दोन्हींचं मूळ संडास नसण्यात. सन २०००-०१ पासूनचं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी गुड मॉर्निंग पथकं, स्वच्छ भारतचे १२,००० रुपये आणि एप्रिल २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा, हा सगळा इतिहास आपण स्वच्छतेचा म्हणून सांगतो. तो बायांच्या पचनाचाही आहे. संडास बांधला पण पाणी नाही, म्हणून त्यात सरपण रचलं, अशा घरात तो इतिहास अजून संपलेला नाही.

लेकरांच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची. घाणीत वाढणाऱ्या मुलाच्या लहान आतड्याला सतत बारीक सूज असते. शोषण करणाऱ्या अंकुरांची उंची घटते. जुलाब दिसत नाहीत, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. पाकिस्तानात राहून परतलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांची आतडी १९६०च्या दशकातच तपासली गेली होती. तिथं असताना बिघडलेलं आतडं मायदेशी काही महिन्यांत सुधारलं. म्हणजे दोष रक्ताचा नाही, परिसराचा आहे. मात्र संडास बांधले की मुलं उंच होतील, ही आशा बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांत फळली नाही. नुसती शौचालयं पुरली नाहीत. पाणी, कोंबड्या-बकऱ्यांची घाण, आईचं स्वतःचं वजन, सगळंच एकदम सुधारावं लागतं.

आईचा विषय निघालाच आहे तर लोहाच्या गोळ्यांचं सांगायला हवं. गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी देतात. तिनं मळ काळा होतो, कडक होतो, मळमळतं. त्यावर कोणी काही बोलत नाही, आणि गोळ्या फडताळात जातात. रक्त कमी, वजन कमी आणि पोट गच्च, अशी ती बाई बाळंतपणाला येते. गोळी जेवणानंतर घ्या, सोबत लिंबू पिळा, ताक-पाणी वाढवा, चालवेनाच तर गोळी बदलून मागा, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पोटाची तक्रार ऐकून न घेतल्यामुळं वाया जाणाऱ्या गोळ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

ताटाकडं वळलं की वऱ्हाडात हटकून भाकरीची आठवण काढली जाते. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनी आजही ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी हाच नैवेद्य घरोघरी असतो. वर्षातला तो एक दिवस बर्किट साहेबांनाही आवडला असता. पण ज्वारीच्या नावानं चालणारं सगळंच बोलणं खरं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम आणि गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅम. म्हणजे चोथ्यात पोळी हरत नाही. हरतो तो मैदा आणि पांढरा तांदूळ, दोघांतही तीनच्या आत. भाकरीची बाजू वेगळ्या कारणानं बळकट आहे. तिला तेल लागत नाही. ती चाळून कोंडा काढून कोणी करत नाही. तिच्यातलं प्रथिन शिजल्यावर घट्ट होतं आणि पिष्टाला धरून ठेवतं, म्हणून ती सावकाश पचते आणि भूक लांबते. आजी तिला ‘पचायला हलकी’ म्हणते. प्रयोगशाळा म्हणते की ती पचायला जड आहे, आणि वजनाला तेच बरं.

सोयाबीन आल्यापासून जिल्ह्यातली ज्वारी मागं हटली. कणसं काळी पडणं, रानडुकरं, पाखरं, मिळणारा भाव, सोंगणीला न मिळणारा मजूर, शेतकऱ्याची कारणं खरी आहेत. ज्वारी सोडण्याला ‘आळस’ म्हणणाऱ्या शहरी आहारतज्ज्ञानं एकदा ज्वारी काढून पाहावी. रेशनवर बहुतेक गहू-तांदूळ येतो आणि २०२३ पासून तो फुकट आहे. धान्य दुरून येतं तेव्हा त्याच्यातलं बरंवाईटही दुरून येतं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं होतं. तरी माझ्या मते वजनाच्या हिशेबात गहू हा गुन्हेगार नाही. गिरणीवर दळलेली, न चाळलेली कणीक चांगलीच आहे. बिघाड झाला तो वरण पातळ होण्यात, पालेभाजी आठवड्यावर जाण्यात आणि चहासोबत टोस्ट, खारी, बिस्किटं, फरसाण रोज घरात येण्यात. शेगावची कचोरी मला प्रिय आहे, तिच्याबद्दल वाईट लिहवत नाही. पण मैद्याची पारी तेलात तळलेली आहे हे खातानाही आठवावं, आणि दुसरी मागवताना नक्कीच.

उपवासाची गत वेगळी नाही. एकादशीला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, भगर, तूप. साबुदाण्यात चोथा जवळपास नसतोच, कॅलरी मात्र भरपूर. त्या दिवशी वजन उतरत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोठा बसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या भगर-आमटीच्या प्रसादानं शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईन लावावी लागली. तो अपघात होता, पचनाचा नियम नव्हे. पण उपवासाचं म्हणून अन्न आपोआप हलकं आणि निर्धोक होत नाही, हे त्यानंही दाखवलं.

वजन उतरवायला डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी गेली. तिच्या बऱ्यावाईटाचा वाद इथं नको. पण ती पाळणारे पुष्कळ जण ‘पोट साफ होत नाही’ म्हणून घाबरतात. खाणं कमी झालं की मळही कमी होणार. मऊ आणि सहज होत असेल तर एक दिवसाआड झालेलीही ठीक. दोन जेवणांत भाजी-डाळ पुरेशी नसेल तर मात्र खरंच खडा धरतो. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम चोथा लागतो. तीन भाकऱ्या, दोन वाट्या घट्ट वरण किंवा पिठलं, दोन वाट्या भाजी आणि मूठभर हरभरे, एवढ्यात तो बसतो. इसबगोल हा याच चोथ्याचा बाजारातला प्रकार. भरपूर पाण्यासोबत घेतला तर चांगला, कोरडा घेतला तर उलटा अडतो.

पाण्याचं बोलायचं तर घाटाखालची पूर्णेच्या खोऱ्यातली गावं, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडची, खारपाणपट्ट्यात येतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. सल्फेट आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यानं नव्या माणसाला जुलाब होतात, ‘पाणी बाधलं’ म्हणतात ते खरं असतं. सवयीच्या माणसाला तेवढं जाणवत नाही. त्याची अडचण वेगळी: खारं, मचूळ पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून तो कमी पितो, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, आणि सोंगणीच्या दिवसांत घामानं कोरडा पडतो. चोथा खाऊन पाणी प्यायलं नाही तर चोथाच घात करतो.

सकाळी चहा आणि तंबाखूची चिमूट घेतल्याशिवाय ‘प्रेशर’ येत नाही, असं सांगणारे पुरुष प्रत्येक गावात आहेत. ते थाप मारत नाहीत. निकोटिननं मोठं आतडं हलतं. निकोटिननं भूकही मरते, म्हणून तंबाखू सुटली की वजन चढतं आणि पोट काही आठवडे बसतं. मग दोन्हींचं खापर सोडण्यावर फुटतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, खर्रा तरीही मिळतो. खर्ऱ्यानं तोंड उघडेनासं झालेल्या तरुणाला भाकरी चावता येत नाही, तो मऊ भात, बिस्किटं आणि दुधावर येतो. त्याचं वजन घटतं आणि पोट बसतं. उपचार पोटाचा चालतो, रोग तोंडात असतो.

जाड माणसाच्या गुडघ्यांचंही पोटाशी नातं आहे. इस्रायलच्या डोव्ह सिकिरोव यांनी २८ जणांना तीन प्रकारे बसवून वेळ मोजली (२००३). उकिडवं बसल्यावर सरासरी ५१ सेकंद, कमोडवर दोन मिनिटांच्या वर. पण ८० किलोची, गुडघे झिजलेली सासूबाई उकिडवी बसू शकत नाही. ती दिवसभर टाळते, पाणी कमी पिते, मळ कडक होतो. भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची किंवा कमोड, आणि पायाखाली वीतभर उंच पाट, ही तिच्या बद्धकोष्ठावरची खरी औषधं.

आतड्यातल्या जंतूंबद्दल सध्या फार बोललं जातं. अमेरिकेच्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ माणसांचे जंतू उंदरांत घातले तर उंदीर चरबी धरू लागले (२०१३). माणसांत असं जंतुरोपण करून वजन उतरवायचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं भारतीयांच्या आतड्यांत वेगळ्याच जंतूंचं प्राबल्य दाखवलं आहे, तेव्हा परदेशी जंतूंच्या महाग कॅप्सूल इथं चालतील याची खात्री कशाला धरावी? घरचं ताक बरं. नव्या इंजेक्शनांचं मात्र तसं नाही, ती खरंच वजन उतरवतात. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये भारतात आलं, आणि सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, म्हणजे स्वस्त औषध जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचणारच. ही औषधं जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतात, म्हणून मळमळ, उलटी, जुलाब आणि चिवट बद्धकोष्ठ त्यांच्यासोबत येतात. मेडिकलमधून परस्पर आणून टोचून घ्यायची ती वस्तू नाही.

वजन आणि पोट एकदम बदलू लागली, तर मात्र चूर्णाचा विचार सोडावा. वजन वाढतंय, थंडी वाजते, मरगळ आहे आणि बद्धकोष्ठ आहे, तर थायरॉइड तपासा. भूक आहे, तरी वजन उतरतं आणि शौचाला वारंवार होते, तर थायरॉइडचं दुसरं टोक किंवा साखर. संध्याकाळचा ताप, उजव्या ओटीपोटात दुखणं आणि घटतं वजन, तर आतड्याचा क्षयरोग. तो आपल्याकडं दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो. चाळिशीनंतर शौचाच्या सवयीत नव्यानं बदल, मळात रक्त आणि वजनात घट, तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर ते कारण शोधण्याजोगं आहे.

तिशी ओलांडलेल्यांच्या घरी आशाताई तपासणीचा अर्ज घेऊन येतात आणि टेपनं कंबर मोजतात. पुढच्या वेळी त्या आल्या की कमरेचा आकडा घरात लिहून ठेवा, आणि शौचाची सवय बदलली असेल तर न लाजता त्यांना सांगा.